भिंतीवरचा वसंत

ऋतू आकाशात पालटतो की भिंतीवर, असे कोणी राजाभाऊ घैसासांना विचारले असते, तर त्यांनी विलंब न लावता हॅनोव्हरमधल्या आपल्या स्वयंपाकघराच्या भिंतीकडे बोट दाखवले असते. तेथे, हीटरच्या अंमळ डावीकडे, वाईहून आलेली मराठी दिनदर्शिका टांगलेली असे. खिडकी उजवीकडे होती. तिच्यातून एक लिंडेनचे झाड, ट्रामचा थांबा आणि त्या दिवशी आकाशातून जे काही पडत असेल ते दिसे. परंतु खिडकीवर कोणाचे हस्ताक्षर नव्हते, आणि दिनदर्शिकेवर मनोरमाअक्कांचे होते.

मनोरमाअक्का या राजाभाऊंच्या थोरल्या भगिनी. नऊ वर्षांनी वडील. आई लवकर गेल्यामुळे राजाभाऊंना न्हाऊमाखू घालून वाढवले ते अक्कांनीच. पुढे त्या वाईच्या एका वैद्यांच्या घरी दिल्या गेल्या, आणि तीस वर्षे खलबत्त्याशेजारी बसून त्यांनी एवढे ज्ञान संपादन केले की रोगी वैद्यांना नाडी दाखवीत आणि औषध अक्कांना विचारीत. १९७४ साली राजाभाऊ जर्मनीस निघाले तेव्हा अक्कांनी त्यांना निरोप देताना एकच उपदेश केला होता. "त्वचा ही देहाची वेस आहे, राजा. वेस राखलीस की गाव राखलंस." त्या वर्षीपासून दर डिसेंबरात एक पुडके हॅनोव्हरला येऊ लागले. त्यात नव्या वर्षाची दिनदर्शिका असे. आणि जेथे जेथे ऋतुप्रारंभ छापलेला असे तेथे तेथे समासात, तांबड्या शाईत, त्या ऋतूत अंगाला काय लावावे आणि काय लावू नये याची आज्ञा असे.

राजाभाऊंनी या आज्ञा ज्या निष्ठेने पाळल्या, तीस तोड नाही. ऑगस्टच्या अखेरीस भिंतीवर शरद उगवला की ते कपाळास आणि दंडांस चंदनाचा लेप लावीत, आणि शरदातील चंद्रकिरण त्वचेस हितकर म्हणून तिन्हीसांजा टळल्यावर अर्धा तास सज्ज्यात उघड्या अंगाने बसत. हॅनोव्हरच्या ऑक्टोबरातील चंद्र हा बहुधा ढगांच्या मागे असतो. राजाभाऊ ढगांच्या पुढे, सर्दीसह असत. ग्रीष्म प्रारंभ झाला की वाळ्याच्या थंडगार पाण्याने स्नान. शेजारच्या वृद्ध बाईंना ते स्नान भिंतीपलीकडून ऐकू येई, कारण एप्रिलच्या त्या पाण्याखाली राजाभाऊंच्या मुखातून जी स्तोत्रे निघत त्यांची पट्टी नेहमीपेक्षा बरीच वर असे. हेमंत आणि शिशिर हे त्यांचे सुखाचे ऋतू. तेव्हा तिळाच्या तेलाचे अभ्यंग असे, आणि केवळ योगायोगाने त्या महिन्यांत भिंत आणि खिडकी यांचे एकमत असे.

वसंताचे मात्र तसे नव्हते. दिनदर्शिकेप्रमाणे वसंत उगवतो फेब्रुवारीच्या अठरा तारखेच्या सुमारास. समासात अक्कांचे अक्षर: "तेल बंद. कोरडे उटणे. चांगले चोळावे. स्निग्ध वर्ज्य." वाईला त्या सुमारास ऊन तापू लागते, अंगात साचलेला कफ पाझरू लागतो, आणि कोरडे उटणे हाच त्यावर उपाय, हे शास्त्र निर्विवाद आहे. हॅनोव्हरला त्या सुमारास लोक ट्रामच्या थांब्यावर एक पाय उचलून दुसऱ्यावर उभे राहतात, इतकेच.

राजाभाऊ ग्राइंडिंगच्या यंत्रांचे अभियंते होते. पोलादाचा पृष्ठभाग केसाच्या शतांशाइतका घासून गुळगुळीत करणे हे त्यांचे जन्माचे काम. २००६ साली निवृत्त झाले तेव्हा कारखान्याने त्यांना एक घड्याळ दिले, आणि सहकाऱ्यांनी, त्यांच्या तुळतुळीत टकलासाठी, अत्यंत प्रेमाने, शॅम्पूची टोपली. अशा माणसाचा घर्षणावर विश्वास असणे साहजिक होते.

२०१३ साली दोन गोष्टी एकत्र आल्या. पहिली आनंदाची. मे महिन्याच्या मध्यास अक्कांचे सहस्रचंद्रदर्शन होते. आयुष्यात सहस्र पौर्णिमा पाहिल्याचा तो सोहळा, आणि एक्याऐंशी दिव्यांनी औक्षण. पाठचा भाऊ म्हणून राजाभाऊ एकटेच उरले होते. अक्कांचे यजमान गेले त्या वेळी ते दोन दिवस उशिरा पोहोचले होते, अक्का तेव्हा फक्त "आलास? हात पाय धुऊन घे" एवढेच म्हणाल्या होत्या, आणि ते वाक्य राजाभाऊंच्या मनातून बारा वर्षांत निघाले नव्हते. या खेपेस ते आठवडाभर आधी जाऊन मांडवात केळीचे खांब स्वतः उभे करणार होते. तसा शब्द त्यांनी दिला होता.

दुसरी गोष्ट सरकारी. राजाभाऊंनी भारताचे नागरिकत्व कधी सोडले नाही. त्यांचा पासपोर्ट नवा झाला होता, आणि जुन्या पासपोर्टात चिकटवलेला जर्मनीतील वास्तव्याचा परवाना आता एका कार्डावर यावयाचा होता. हे कार्ड हाती असल्याखेरीज परत येताना विमानतळावर खोळंबा होणार, हे निश्चित. कार्ड छापून येण्यास पाच आठवडे लागत. आणि या नव्या कार्डात बोटांचे ठसे असत.

७ मार्चला राजाभाऊ टेर्मीनसाठी, म्हणजे आधी ठरवून मिळालेल्या वेळेस, परवान्याच्या कचेरीत गेले. शोभनाताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, त्या वेळी घरी नव्हत्या. हेर्त्सोगेनआउराखला मुलाकडे, हृषिकेशकडे, दुसरे अपत्य झाले होते. सून शिवांगीच्या बाळंतपणासाठी त्या १० फेब्रुवारीपासून तिकडे होत्या. तेव्हा त्या वर्षीचा वसंत राजाभाऊंनी एकट्याने, स्वहस्ते साजरा केला होता. मसुराचे पीठ, हळद, नागरमोथा आणि हिरडा ही द्रव्ये अक्कांच्या प्रमाणाप्रमाणे स्वतः चाळून त्यांनी उटणे सिद्ध केले, आणि "चांगले चोळावे" या आज्ञेतील पहिल्या शब्दावर विशेष भर दिला.

कचेरीतील बाईंचे नाव फ्राऊ ओस्टरमान. पन्नाशीच्या, नीटस, गळ्यात चष्म्याची साखळी. टेबलावर एक काचेची लहानशी पेटी होती. तीवर बोट ठेवावयाचे, हिरवा दिवा लागला की झाले.

राजाभाऊंनी उजवी तर्जनी ठेवली. तांबडा दिवा. डावी तर्जनी. तांबडा. मग नियमाप्रमाणे अंगठे, मग मध्यमा, मग ज्या बोटास आपल्या पूर्वजांनी पावित्र्यामुळे नावही ठेवले नाही ती अनामिका. यंत्राने सर्वांस समदृष्टीने नाकारले. करंगळीस नियमात स्थान नव्हते, म्हणून तेवढा एक अपमान टळला.

फ्राऊ ओस्टरमान यांनी चष्मा चढवला आणि राजाभाऊंचा पंजा दिव्याखाली धरला. त्वचा पांढुरकी पडली होती, टोकांना बारीक भेगा होत्या, आणि मध्ये जेथे रेषांची नक्षी असावयाची तेथे जुन्या नाण्यासारखी झीज होती.

"आल्झो, बरं, हेर घैसास," त्या हळुवारपणे म्हणाल्या, "आपण बांधकामावर होता का? सिमेंट वगैरे?"

"मी अभियंता आहे," राजाभाऊ ताठ होऊन म्हणाले.

"अस्सं." बाईंनी खण उघडून एक मलमाची नळी पुढे केली. "हे घ्या. माझंच आहे. मार्चपर्यंत आमची सगळ्यांचीच बोटं अशी होतात."

राजाभाऊंनी दोन्ही हात मागे घेतले. "आभारी आहे. पण वसंतात स्निग्ध पदार्थ वर्ज्य असतात."

फ्राऊ ओस्टरमान यांनी खिडकीकडे पाहिले. बाहेर एक मनुष्य फावड्याने आपली मोटार बर्फातून उकरीत होता. त्यांनी पुन्हा राजाभाऊंकडे पाहिले. तीस वर्षे सरकारी टेबलाशी बसलेल्या माणसास जो एक प्रकारचा मोक्ष मिळालेला असतो, त्याच्या बळावर त्या केवळ एवढेच म्हणाल्या, "गेनाऊ. अगदी बरोबर. मग एकवीस तारखेला या."

येथे राजाभाऊंमधील वैद्याचा मेहुणा आणि अभियंता या दोघांनी एकत्र बसून विचार केला, आणि दोघेही चुकले. ठसा उमटत नाही, त्या अर्थी रेषांच्या खाचांत काही तरी साचले आहे, असा अभियंत्याचा निष्कर्ष. साचले आहे तो कफजन्य मळच, असा मेहुण्याचा. पृष्ठभाग जितका स्वच्छ, तितकी छाप स्वच्छ. सबब त्यांनी उटणे दोन वेळा सुरू केले, आणि बोटांच्या टोकांस ते वर्तुळाकार गतीने, मोजून शंभर वेळा, चोळू लागले. ज्या कौशल्याने त्यांनी तीस वर्षे जर्मन पोलाद आरशासारखे केले होते, ते सारे कौशल्य दोन आठवडे त्यांच्या दहा बोटांवर खर्ची पडले.

२१ तारखेला फ्राऊ ओस्टरमान यांनी ती बोटे पाहिली आणि साखळीला धरून चष्मा काढून ठेवला.

"हेर घैसास, आपण काय केलंत?"

"साफ केली," राजाभाऊ म्हणाले.

"ते दिसतंय." त्यांनी उसासा टाकला. "दोन मार्ग आहेत. त्वचेच्या डॉक्टरांचं पत्र आणा, की या बोटांचा ठसा येणं शक्य नाही."

राजाभाऊंनी तेथेच बसून त्वचेच्या डॉक्टरांस फोन केला. पलीकडच्या मुलीने अतिशय गोड आवाजात १९ जून ही सर्वांत जवळची तारीख दिली.

"दुसरा मार्ग?" राजाभाऊंनी विचारले.

"पुढच्या गुरुवारी, अठ्ठावीसला, नऊ वाजून वीस मिनिटांनी माझ्याकडे एक जागा आहे. त्यानंतर ईस्टर, त्यानंतर मी सुट्टीवर. अठ्ठावीसला ठसे मिळाले तर कार्ड मेच्या सुरुवातीस येईल. नाही मिळाले तर..." त्या थांबल्या. "आपला प्रवास कधी आहे?"

"आठ मे."

"मग सात दिवस काहीही चोळू नका. कृपा करून. काहीही."

दुसऱ्या दिवशी शोभनाताई परतल्या. दारातच त्यांनी नवऱ्याच्या हाती बॅग दिली, आणि देताना हाताला हात लागला, तशा त्या थबकल्या.

"अहो, हे काय? हात आहेत की खवणी?"

राजाभाऊंनी सर्व वृत्तांत निवेदन केला. ताई कोट न काढता ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "जन्मभर लोखंड घासलंत, पुरलं नाही? आता स्वतःलाही घासून गुळगुळीत केलंत. उद्या डोक्यावर पॉलिश करा, तिथे तरी काही शिल्लक नाही बिघडायला."

"चेष्टा पुरे. अक्काला फोन करायला हवा." राजाभाऊ खुर्चीत बसले. त्यांचा आवाज खाली गेला होता. "कदाचित येता येणार नाही, असं सांगायला हवं. ऐनवेळी सांगणं बरं नव्हे. मागल्यासारखं."

ताईंनी कोट काढला आणि फोनचा नंबर फिरवून दिला.

वाईला तेव्हा दुपार टळत होती. अक्कांना कमी ऐकू येत असल्याने त्या फोनवर ओरडून बोलत, आणि स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या ताईंना दोन्ही बाजू स्वच्छ ऐकू येत.

"काय म्हणतोस? बोटांना काय झालं?"

"कोरडी पडली, अक्का. ठसा उमटत नाही. सरकारी कागद अडलाय. मे महिन्यात यायचं जरा..."

"कोरडी कशानं पडली? थंडीत तेल लावत नाहीस?"

"शिशिरात लावलं ना. आता वसंत आहे. तू लिहिलंयस, तेल बंद, कोरडं उटणं."



"राजा, तुझ्या खिडकीबाहेर काय आहे रे?"

"झाड आहे. लिंडेन."

"पालवी आलीय त्याला?"

राजाभाऊंनी, त्या घरात राहावयास आल्यापासून बहुधा प्रथमच, वनस्पतिशास्त्रीय हेतूने त्या झाडाकडे पाहिले. "नाही."

"मग काय आलंय?"

"बर्फ."

"मग वसंत कुठल्या शहाण्यानं आणला?"

"तू पाठवलेल्या दिनदर्शिकेनं," राजाभाऊ म्हणाले. बाहत्तर वर्षांच्या माणसाच्या मुखातून हे वाक्य निघाले तेव्हा त्याला नऊ वर्षांच्या मुलाचा स्वर होता.

"अरे, ती वाईची! मी इथं ओट्यावर बसून लिहिते, इथलं ऊन बघून लिहिते. तिकडचं ऊन मला काय दिसतंय? किती वर्षं पाळतोयस हे?"

"एकोणचाळीस."

"आणि एकदाही मान वर करून बाहेर बघितलं नाहीस?"

"तुझं अक्षर होतं, अक्का."

फोनमध्ये वाईच्या रस्त्यावरून जाणाऱ्या कुठल्याशा टेंपोचा हॉर्न वाजला, आणि थांबला. मग अक्कांचा आवाज आला. त्यातला ओरडा कमी झाला होता.

"बाळा, वैद्य आधी देश बघतो, मग काळ, आणि मग रोगी. मी रोगी तेवढा बघितला. चूक माझीही आहे. पण आता तू बोटं नीट कर आणि ये. केळीचे खांब दुसऱ्या कुणाला मी लावू देणार नाही. वेडी माणसं आहेत इथली, उलटे लावतील." आणि फोन ठेवण्यापूर्वी, "शोभनाला विचार. ती शहाणी आहे."

राजाभाऊंनी फोन ठेवला, आणि अभियंत्यास शोभेल असा प्रश्न विचारला. "मला एक कळत नाही. एकोणचाळीस वर्षं हेच उटणं, हाच महिना, हेच चोळणं. मग याच वर्षी हात कसे फुटले?"

शोभनाताई सिंकशी पाठ करून उभ्या होत्या. त्यांच्या खांद्यांची हालचाल रडण्याची आहे असे प्रथम राजाभाऊंना वाटले. ती हसण्याची होती.

"अगं, हसतेस काय?"

"सदतीस वर्षं," ताई डोळे पुसत म्हणाल्या. "पहिलं एक वर्ष आणि यंदाचं, मी नव्हते इथे. लग्न होऊन मी आले ना, पहिल्या वसंतात तुमची पाठ बघितली. मगरीसारखी. म्हटलं, हा माणूस नणंदेची आज्ञा मोडायचा नाही, आणि मगरीशी संसार मला झेपायचा नाही." त्यांनी सिंकखालचे कपाट उघडले. भांड्याच्या साबणाच्या मागून एक चपटा, गोल, पत्र्याचा डबा निघाला. "दर फेब्रुवारीत तुमच्या उटण्यात याचे दोन चमचे मी कालवत आलेय. तुम्ही दरवर्षी म्हणायचात, 'अक्काचं उटणं काय सुंदर लागतं!' यंदा मी हृषिकेशकडे होते, आणि तुम्ही शुद्ध उटणं लावलंत. झालं."

राजाभाऊंनी डबा हाती घेतला. झाकणावर एक गाय होती. तृप्त, चित्रातल्या गाईच असतात तशी. खाली लिहिले होते मेल्कफेट. उत्तर जर्मनीतील गोठ्यांत, थंडीने गाईंचे सड फुटू नयेत म्हणून दूध काढणारे लोक जे मलम लावीत, ते हे. गाईंना मानवले म्हणून पुढे शेतकऱ्यांनी आपल्या हातांस लावले, आणि मग त्यांच्या बायकांनी तोंडास.

वेदकाळापासून चालत आलेल्या ऋतुचर्येत आपल्या घरी सदतीस वर्षे गोठ्यातील मलम मिसळले जात होते, ही वार्ता पचवावयास राजाभाऊंना एक कप चहा लागला. चहा संपल्यावर ते गंभीरपणे म्हणाले, "गाईचं आहे म्हणजे अगदीच अशास्त्रीय म्हणता येणार नाही."

"अहो, गाईचं नाही, गाईला लावायचं!"

"संबंध तर आहे ना?"

पुढचे सहा दिवस घैसासांच्या घरी यज्ञ चालावा तसा विधी चालला. हीटरवर पाण्याचे पातेले ठेवले गेले, जेणेकरून हवा ओलसर राहावी. सकाळी कोमट पाणी, मग मलम, मग पांढरे सुती हातमोजे. ते हातमोजे ताईंनी औषधांच्या दुकानातून आणले होते. ते घालून राजाभाऊ आरामखुर्चीत बसले की एखाद्या संग्रहालयात मौल्यवान हस्तलिखित हाताळावयास आलेल्या विद्वानासारखे दिसत, आणि हस्तलिखित म्हणजे बहुधा दूरचित्रवाणीचा रिमोट असे. भांडी नाहीत, बटाटे सोलणे नाही, लिंबू पिळणे नाही. एकूण त्यांना जगण्यात तसा फारसा बदल जाणवला नाही. हेही ताईंनीच निदर्शनास आणले.

तिसऱ्या दिवशी भेगा मिटल्या. पाचव्या दिवशी राजाभाऊंनी कारखान्यातील जुने भिंग काढून उजव्या तर्जनीचे परीक्षण केले आणि स्वयंपाकघरात हाक मारली, "अगं, ये. रेषा!" ताई आल्या. भिंगाखाली, पूर ओसरल्यावर शेताचे बांध दिसू लागावेत तशा, अत्यंत फिकट अशा वर्तुळाकार रेषा वर येत होत्या. दोघेही त्या एका बोटावर ओणवे होऊन बराच वेळ उभे राहिले. लिंडेनवर अजून पालवी नव्हती. भिंतीवर वसंताचा दुसरा महिना चालू होता.

२८ तारखेस ट्राम बर्फामुळे उशिरा आली. राजाभाऊ नऊ एकोणीसला, हातमोज्यांसह, फ्राऊ ओस्टरमान यांच्या समोर बसले. ताई मागच्या खुर्चीत होत्या. हातमोजे उतरवले गेले. उजवी तर्जनी काचेवर ठेवली गेली.

तांबडा दिवा.

राजाभाऊंना मांडवात तिरपे लागलेले केळीचे खांब दिसले, आणि "आलास? हात पाय धुऊन घे" हे वाक्य ऐकू आले. त्यांनी पुन्हा बोट ठेवले. बोट काचेवरून घसरले.

फ्राऊ ओस्टरमान पुढे झुकल्या, त्यांनी बोट धरले, आणि वास घेतला. त्यांच्या चेहऱ्यावर एकदम बालपण पसरले.

"मेल्कफेट!" त्या म्हणाल्या. "माझी ओमा, म्हणजे आजी, लावायची. पण हेर घैसास, आपण गाईला लावतात तेवढं लावलंय. माझी काच पाहा, तुपात बुडवल्यासारखी झाली."

"शास्त्रात मात्रा दिलेली नव्हती," राजाभाऊ पुटपुटले. "यंदा प्रमाण हिनं ठरवलं." आणि त्यांनी पाठीमागे बोट दाखवले.

"ते बोट काचेवर ठेवा," ताई मागून म्हणाल्या.

बाईंनी कागदी रुमालाने काच पुसली, मग एकेक बोट पुसले. इतक्या निगुतीने, की ते काम पाहताना ताईंना आपल्या नणंदेची आठवण झाली. उजवी तर्जनी पुन्हा काचेवर गेली. यंत्राने थोडा विचार केला. सरकारी यंत्रांनाही प्रज्ञा असावी असे वाटावे, इतका वेळ त्याने घेतला.

हिरवा दिवा.

डावी. हिरवा.

फ्राऊ ओस्टरमान यांनी टाळी वाजवली, जे त्यांच्या पदास शोभणारे नव्हते, आणि लगेच घसा साफ करून फॉर्मवर सही घेतली. राजाभाऊ उठताना त्यांनी खिडकीकडे हात केला. "आणि वसंत आला, की मी कळवीन. अजून यायचाय."

कार्ड २ मे रोजी आले. ८ तारखेस विमान सुटले. केळीचे चारही खांब राजाभाऊंनी स्वतः, ओळंबा लावून, उभे केले. तो मांडव वाईतील आजवरचा सर्वांत काटकोनी मांडव होता, असे गुरुजींनी आपण होऊन सांगितले.

औक्षण आटोपले. अक्का पाटावरून खुर्चीत आल्या, आणि नमस्कारास वाकलेल्या भावाचा हात त्यांनी धरून ठेवला. एक्याऐंशी दिव्यांच्या उबेने त्यांचा चेहरा तांबूस झाला होता. डोळ्यांनी आता फारसे दिसत नव्हते, तेव्हा ज्या अंगठ्याने त्यांनी जन्मभर भस्माचा बारीकपणा पारखला, तो अंगठा त्यांनी राजाभाऊंच्या बोटांच्या टोकांवरून फिरवला.

"मऊ आहेत. कुठलं तेल?"

राजाभाऊंनी शोभनाताईंकडे पाहिले. ताईंनी पर्समधून चपटा गोल डबा काढून नणंदेच्या मांडीवर ठेवला. अक्कांनी झाकण चाचपले, आतल्या द्रव्याचा वास घेतला, थोडेसे बोटांत चोळून पाहिले. मंडपातील मंडळी निदानासाठी पुढे सरकली. वैद्यांच्या घरच्या लोकांना याची सवय होती.

"चांगलं आहे," अक्का म्हणाल्या. "उटण्यात घालायचीस ना गं हे?"

शोभनाताईंनी हातातील तबक खाली ठेवले. "तुम्हाला कसं ठाऊक, वन्सं?"

"अगं, कोरडं उटणं लावून त्या मुलखात कुणाची कातडी सदतीस वर्षं टिकेल का? मला फोन झाल्यावर सुचलं. एक वर्ष तू नव्हतीस, आणि एका वर्षात हा खवणी झाला. हिशेब सोपा आहे." त्यांनी लुगड्याचा काठ थोडा वर घेतला. टाचा पुढे आल्या. वाईच्या उन्हाळ्याने आणि ऐंशी वर्षांच्या चालण्याने खोल चिरा गेलेल्या. "घे रे राजा. लाव इथं."

राजाभाऊ जमिनीवर बसले आणि त्यांनी डबा उघडला. मग, सवयीने, त्यांची दृष्टी वर गेली. समोर ओट्यावरच्या भिंतीवर अक्कांच्या घरची दिनदर्शिका टांगलेली होती. मे महिना, ग्रीष्म. ग्रीष्मात स्निग्ध लेप टाचांस चालतो की नाही, हे तेथे छापलेले नव्हते, आणि समास कोरा होता.

"भिंतीकडे काय बघतोस?" अक्का म्हणाल्या. "टाचांकडे बघ."